आधी परतीची गाडी विचारावी

डोंगरात जायचे ठरले की लोक बहुधा आधी वाट विचारतात. मी आधी परतीची शेवटची गाडी विचारते आणि तिच्यापासून मागे मोजत जाते: गाडी फाट्यावर साधारण केव्हा येणार, फाट्यापासून पायथा किती चालीचा, पायथ्यापासून माथा किती चढाचा, आणि मग घरून सकाळी कोणती गाडी धरावी लागेल. हा हिशेब जमला तर डबा बांधायचा. नाही जमला तर तो डोंगर पुढच्या मोसमासाठी ठेवायचा. माझे माहेर चाळीसगावचे, सासर आणि नोकरी अमळनेरची. गेली अकरा वर्षे मी आणि माझ्या मोठ्या नणंदबाई सुट्टीच्या दिवशी अशा रीतीने खान्देशातील डोंगर पाहत आलो आहोत, आणि जिथे गेलो तिथे एसटीनेच गेलो. त्यांपैकी ज्या वाटांवर पुन्हा पुन्हा जावेसे वाटले, त्या इथे लिहून ठेवते आहे.

खान्देशाची ठेवणच अशी आहे की येथे गाडीवाचून डोंगर गाठणे अवघड जाते. तापी मधोमध पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते; तिच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा–अजिंठ्याची रांग, आणि मधला सारा प्रदेश सपाट, काळ्या मातीचा, कापसाचा आणि केळीचा. डोंगर दिवसभर क्षितिजावर दिसत राहतो, पण त्याच्या पायाशी पोहोचायला सपाटीवरून तास-दोन तास जावे लागते. ते अंतर एसटी तोडून देते. शिवाय स्वतःच्या वाहनाने गेले की जिथे वाहन लावले तिथेच परत यावे लागते, आणि चालण्याची वाट आपोआप जाऊन-येऊन एकच होते. गाडीने जाणाऱ्याला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरण्याची, एका आगाराच्या गाडीने जाऊन दुसऱ्या आगाराच्या गाडीने परतण्याची मोकळीक असते. ही मोकळीक माझ्या दृष्टीने एसटीची सर्वांत मोठी देणगी आहे, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात याची मला मनापासून खंत वाटते.

वेळापत्रकाविषयी थोडे सांगते, कारण सगळा खेळ त्यावरच अवलंबून आहे. स्थानकावरच्या फलकावर ज्या फेऱ्या लिहिलेल्या असतात त्या सगळ्या धावतातच असे नाही, आणि धावणाऱ्या सगळ्या फलकावर असतातच असेही नाही. म्हणून चौकशीच्या खिडकीत वाहतूक नियंत्रकांना विचारावे आणि त्याहून चांगले म्हणजे ज्या गाडीतून उतरतो आहोत तिच्या वाहकाला विचारावे, कारण परतीची गाडी पुष्कळदा तीच असते. शाळा-महाविद्यालयांच्या वेळेवर चालणाऱ्या फेऱ्या सुट्टीच्या दिवशी बंद राहतात, आणि आपण नेमके सुट्टीच्या दिवशी निघतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी गाडीला गर्दी असते, पण बाजारासाठी माणसे येत-जात राहतात म्हणून वाहनाची चिंता कमी असते. जलद गाडी फाट्यावर थांबेलच याची खात्री नसते. साधी गाडी मात्र हात दाखवला की बहुधा थांबते. आणि सर्वांत भरवशाची असते ती मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावात जाऊन ती तिथेच थांबते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी गावातल्या माणसांना घेऊन तालुक्याला निघते. डोंगराच्या कुशीतल्या गावाला मुक्कामी गाडी आहे असे कळले की माझ्या मनात त्या गावाभोवतीच्या वाटा आपोआप उमटू लागतात.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाट पाटणादेवीची. चाळीसगावहून पाटणादेवी सुमारे अठरा किलोमीटर. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत गाड्यांची अडचण नसते, पण त्या दिवसांत चालण्याची मजा नसते. म्हणून मी श्रावण संपता संपता किंवा दिवाळीनंतर जाते. गाडी सपाटीवरून निघते, उसाचे आणि कापसाचे मळे मागे पडतात आणि समोर सातमाळ्याची भिंत हळूहळू वर येते. चंडिकादेवीचे, म्हणजेच पाटणादेवीचे, मंदिर तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे आणि मंदिरापाशी डोंगरी नदी वाहते. हा सगळा भाग गौताळा–औट्रमघाट अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असून जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून, पुढे जाण्याचा बेत सांगून आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी जी वाट बंद सांगितली ती बंदच मानून पुढे जावे, असा आमचा नियम आहे. बिबट्याचा वावर या रानात खरोखर आहे, म्हणून दिवस चांगला वर आल्यावर निघावे आणि सावल्या लांबायच्या आत रान सोडावे.

देवीच्या मंदिराच्या थोडे अलीकडे एक जुने महादेवाचे मंदिर लागते. गाडीतून ते नीट दिसत नाही. तिथे उतरून उरलेले अंतर पायी जावे, इतके ते सुंदर आहे. काळ्या दगडाचे, उंच जोत्यावरचे, भिंतींवर रेखीव शिल्पे असलेले हे मंदिर यादवकाळातल्या पाटण या इथल्या गावाचे वैभव सांगते. त्या काळी येथे यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याची सत्ता होती. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आणि इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि १२०७ साली त्या मठाला दाने मिळाली, अशी नोंद येथील शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख उजेडात आणला. मला त्यात सर्वांत हृद्य वाटते ते असे की लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला तरी शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत, आणि त्यांत काही श्लोक-सुभाषित नसून पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचे कोणते उत्पन्न मठाला द्यायचे याचा साधा व्यवहार आहे. आठशे वर्षांपूर्वी ज्या गावात गणित शिकवण्यासाठी बाजारातून पैसा जमत होता, त्या गावाला आज दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या आहेत. पण त्या आहेत, आणि त्यांनी तिथवर जाता येते.

मंदिराच्या मागून नदीच्या काठाने केदारकुंडाकडे जाणारी वाट आहे. पावसाळ्यात कुंडावर धबधबा पडतो आणि लोक तिथूनच परत फिरतात. दुसरी वाट कन्हेरगडाची. गडाच्या अंगावर नागार्जुन कोठडी, सीतेची न्हाणी आणि शृंगारचावडी या नावांची लेणी आहेत. त्यांतली नागार्जुन कोठडी जैन लेणे असून आतल्या मूर्ती अजून पाहण्यासारख्या आहेत. कन्हेरगडाचा चढ निसरडा आहे आणि वरच्या टप्प्यात गवत माजले की पायाखालचे दिसत नाही. म्हणून हा गड मी हिवाळ्यातच करते, आणि ज्यांना अर्ध्याच दिवसाचा अवकाश आहे त्यांनी हाच करावा असे सुचवते.

ज्यांच्या हाती पूर्ण दिवस आहे त्यांच्यासाठी तिसरी वाट, पितळखोऱ्याची. पाटणादेवीच्या खोऱ्यातून ही पायवाट सागाच्या आणि धावड्याच्या रानातून चढत जाते. साधारण दोन तासांत, थांबत थांबत गेलो तर अडीच तासांत, आपण घळीतल्या लेण्यांपाशी येतो. पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेली, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. येथला खडक ठिसूळ, त्यामुळे पुष्कळ भाग कोसळला आहे. परंतु जे उरले आहे ते पाहून दमलेली पावले आपोआप थबकतात. जोत्यावर कोरलेली हत्तींची ओळ, दाराशी उभे असलेले द्वारपाल, चैत्यगृहातल्या खांबांवरची नंतरच्या काळातली बुद्धचित्रे! येथे सापडलेली यक्षाची एक मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली असे तिच्या हातावर कोरले आहे. बावीसशे वर्षांपूर्वीचा एक कारागीर आपले नाव आणि आपला धंदा दगडावर लिहून ठेवतो, ही गोष्ट मी नणंदबाईंना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे माहेर, म्हणजे माझे सासर, सोनारकाम करणाऱ्यांचे.

पितळखोऱ्याहून परत पाटणादेवीला उतरणे हा एक मार्ग झाला. आमचा मार्ग निराळा. लेण्यांपासून पायऱ्यांनी वर पठारावर आले की कन्नडच्या बाजूने येणारा डांबरी रस्ता मिळतो. तो धरून चालत राहिले की शेवटी चाळीसगाव–कन्नड महामार्ग लागतो, आणि तिथून घाट उतरणारी गाडी चाळीसगावला आणून सोडते. पठारावरचे हे अंतर कंटाळवाणे आहे हे खरे. सावली कमी, दोन्ही बाजूंना मका आणि कापूस. एकदा एका शेतकऱ्याने आम्हाला ट्रॅक्टरवर घेतले, एरवी पायीच. पण सकाळी जो डोंगर पायी चढलो तोच संध्याकाळी औट्रम घाटातून गाडीत बसून उतरायचा, वळणावळणाला खालची खान्देशाची सपाटी उन्हात पिवळी होत जाताना पाहायची, यात जे समाधान आहे ते आल्या वाटेने परतण्यात नाही. या घाटाला ज्याचे नाव आहे तो जेम्स औट्रम खान्देशात १८२५ साली उभारलेल्या भिल्ल पलटणीचा अधिकारी होता. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने याच घाटात दरडी कोसळल्या, चाळीसगाव परिसरात पूर आला आणि रस्ता बंद पडला. तेव्हापासून जोराच्या पावसाच्या दिवसांत घाट चालू आहे की नाही हे चाळीसगाव स्थानकात आधी विचारल्याशिवाय मी या मार्गाला लागत नाही.

धुळ्याच्या लोकांना याहून सोपी वाट घराजवळच आहे. लळिंगचा किल्ला धुळ्यापासून दहा किलोमीटरवर, मुंबई–आग्रा महामार्गाला लागून आहे. मालेगावकडे जाणाऱ्या साध्या गाडीने लळिंग गावापाशी उतरावे, गावातले जुने दगडी शिवमंदिर पाहावे आणि तिथूनच किल्ल्याची वाट धरावी. पाऊण ते एक तासात माथा येतो. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा याला १३७० साली थाळनेर आणि करवंदचा मुलूख मिळाला. पुढे त्याच्या मुलाकडे, नासिरखानाकडे, लळिंग आले आणि येथूनच त्याने बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाकडे आपली नजर वळवली. वर पाण्याची टाकी, पडक्या दरवाजाचे अवशेष आणि देवीचे लहानसे देऊळ आहे. पावसाळ्यात लळिंगच्या कुरणात धबधबा पाहायला गर्दी होते, पण तीच माणसे वर किल्ल्यावर क्वचित दिसतात. या किल्ल्याची वाट मी नवशिक्यांना मुद्दाम सांगते, कारण महामार्गावर गाड्या सतत असतात आणि परतीच्या हिशेबात चूक झाली तरी निभावते. त्याच महामार्गावर धुळ्याच्या उत्तरेला सोनगीर आहे. तो किल्ला अर्ध्या तासात होतो आणि उरलेला वेळ तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांत जातो.

भामेरसाठी मात्र साक्रीला जावे लागते. साक्रीहून निजामपूरकडे जाणाऱ्या गाडीने भामेरच्या फाट्यावर उतरून गावात चालत गेले की पहिल्यांदा दिसते ती जुन्या नगराची प्रचंड वेस. गावातल्या घरांच्या जोत्यांत आणि ओट्यांत कोरीव दगड सहज बसवलेले आढळतात. ज्या दगडावर बसून एखादी आजी शेंगा निवडते आहे तो कधीकाळी मंदिराचा खांब होता हे लक्षात यायला वेळ लागतो. गावामागच्या डोंगरावर लेणी आहेत, एक-दोन नव्हेत, ओळीने आणि थरांनी कोरलेली; गावकरी तो आकडा १८४ सांगतात. त्यांतल्या बहुतेकांत मूर्ती नाहीत, नक्षी नाही. चौकोनी दालने, साधे खांब आणि पाण्याची टाकी एवढेच. ज्यांना लेणी म्हणजे शिल्पे असे वाटते त्यांची येथे निराशा होईल, पण एवढ्या संख्येने कोरलेल्या या दालनांत माणसे कशी राहत असतील याचा विचार करत दोन-तीन तास सहज जातात. जवळच्या बळसाणे येथील प्राचीन मंदिरेही पाहण्यासारखी आहेत, परंतु एका दिवसात दोन्ही ठिकाणे गाडीने जुळत नाहीत. आम्ही दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा बळसाणे राहिले.

आता तापीच्या उत्तरेकडे. सातपुड्यात एसटीने फिरणाऱ्याने एक रस्ता मनात पक्का बसवावा: बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्ग. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा ही सारी गावे या एका रस्त्यावर ओवलेली आहेत आणि रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला जवळजवळ समांतर जातो. त्यामुळे सातपुड्यातली बहुतेक प्रत्येक वाट याच रस्त्यावरच्या एखाद्या फाट्यापासून उत्तरेकडे फुटते. नकाशा जवळ नसला तरी चालते. केळीच्या बागा संपल्या, टेकड्या सुरू झाल्या आणि उतार पायांना जाणवू लागला की आपण बरोबर दिशेने आहोत असे समजावे.

यावल आणि चोपडा यांच्या दरम्यान आडगावपासून मनुदेवीची वाट जाते. आडगावपासून चालत दोन तास, त्यांतला पहिला तास शेतांमधून आणि दुसरा कोरड्या ओढ्याच्या काठाने रानातून. मंदिराच्या मागे उंच कड्यावरून पावसाळ्यात धबधबा पडतो. सप्टेंबरमध्ये पाणीही असते आणि वाटही चिखलाची राहत नाही, म्हणून तो महिना मला योग्य वाटतो. रावेर तालुक्यातले पाल हे आणखी एक ठिकाण. सुकी नदीवरचे धरण आणि यावल अभयारण्याचे रान यांमुळे तिथे एक रात्र राहिल्याशिवाय समाधान होत नाही.

उनपदेवची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. अडावदहून तासाभराच्या चालीवर सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे. दगडी गोमुखातून ते पाणी बारमाही कुंडात पडते. शरभंग ऋषींच्या आश्रमाची कथा या ठिकाणाला जोडलेली आहे. माझ्या सासूबाईंना गुडघेदुखीसाठी तिथे जाऊन यायची फार दिवसांची इच्छा होती. ऑगस्ट २०२२मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि त्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितले की आता मला कोणी अडवू नका. अडावदला उतरल्यावर रिक्षा करू असे मी म्हटले, तर आयुष्यभर शेतात पायी जात आलेल्या त्या बाई माझ्या पुढे चालू लागल्या. वाटेत कापूस वेचणाऱ्या एका म्हातारीने हाक मारून विचारले, "कथा जाई ऱ्हायनी माय?" (कुठे चाललीस, माय?) सासूबाई थांबल्या, दोघींनी अहिराणीत आपापल्या गुडघ्यांची चौकशी केली आणि अर्धा तास तिथेच गेला. त्या अर्ध्या तासामुळे आमची ठरलेली गाडी चुकली. मी अस्वस्थ होते; सासूबाई फाट्यावरच्या लिंबाखाली कळण्याची भाकरी आणि ठेचा सोडून निवांत बसल्या होत्या, कारण पुढची गाडी आहे हे त्यांनी त्या म्हातारीला आधीच विचारून ठेवले होते.

प्रत्येक वेळी असे निभावले नाही. सातपुड्यातल्याच एका फाट्यावर आम्ही दोघी शेवटच्या फेरीची वाट पाहत अंधार पडेपर्यंत उभ्या होतो आणि ती फेरी त्या दिवशी सुटलीच नव्हती. भारमान, म्हणजे गाडीतली प्रवाशांची भरती, कमी पडले की फेरी रद्द होते, हे मी नंतर शिकले. दूध गोळा करणाऱ्या एका वाहनवाल्याने आम्हाला तालुक्याच्या गावी सोडले. तेव्हापासून मी शेवटच्या गाडीवर विसंबत नाही. शेवटच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची गाडी, असे धरून परतीचा हिशेब मांडते. भारमान हा शब्द त्या दिवसापासून माझ्या मनाला लागून राहिला आहे. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात संपामुळे गाड्या जवळजवळ बंद होत्या, तेव्हा आम्ही एकाही डोंगरावर गेलो नाही. पण ज्या गावांपर्यंत त्या गाड्या जातात तिथल्या मुलींचे कॉलेज आणि म्हाताऱ्यांचे दवाखाने त्या महिन्यांत अडले, ही हानी फार मोठी होती. आम्ही दोन तिकिटे काढून त्या फेरीत बसतो तेव्हा तिच्या भारमानात आमचीही भर पडते, याचा मला आनंद होतो. मार्च २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर गाडीतल्या बायकांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली, आणि डोंगराच्या फाट्यावर दोन बायकांना उतरताना पाहून "ताई, इथं उतरून काय करणार?" असे विचारणारे वाहकही कमी झाले.

ऋतूचे भान या भागात सह्याद्रीपेक्षा अधिक ठेवावे लागते. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत खान्देशात चालू नये; पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि सातपुड्याचे साग पानगळीने उघडे पडलेले असल्यामुळे सावलीचा आधार उरत नाही. जुलै ते फेब्रुवारी हा आमचा मोसम. पाणी प्रत्येकी तीन लिटर, कारण झऱ्यांचा भरवसा नोव्हेंबरनंतर राहत नाही. लांबचा बेत असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास काढावा. आम्ही एका दिवाळीच्या सुट्टीत सात दिवसांचा पास काढून चाळीसगावपासून अक्कलकुव्यापर्यंत गेलो होतो.

त्या सात दिवसांत दोन गोष्टी पाहिल्या. पहिली अस्तंभ्याची यात्रा. धडगाव तालुक्यातले अस्तंभा शिखर १३२५ मीटर उंच असून ते अश्वत्थाम्याचे स्थान मानले जाते. डोक्यावरच्या जखमेसाठी तेल मागत तो या डोंगरांत फिरतो, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून कोठार, देवनदी, असली या मार्गाने यात्रेकरू पायी निघतात. रात्रीच्या अंधारात विजेऱ्यांची रांग डोंगर चढताना दिसते. आम्ही त्या रांगेबरोबर चाललो. एरवी ही वाट माहितगार माणसावाचून करू नये. यात्रेत मात्र वाट चुकणे शक्य नाही, कारण पुढे-मागे माणसेच माणसे असतात. उतरताना पुष्कळ यात्रेकरू मालवाहू गाड्यांत दाटीवाटीने बसून घाट उतरतात. ते आम्ही कटाक्षाने टाळले आणि गाडी मिळेपर्यंत थांबलो. इतरांनीही थांबावे असे मला कळकळीने वाटते.

दुसरी गोष्ट तोरणमाळ. शहाद्याहून निघालेली गाडी सातपायरीच्या वळणांनी वर चढते आणि सुमारे ११४३ मीटर उंचीच्या पठारावर आणून सोडते. येथे चढायचे काही नाही, वरच्या वरच चालायचे: यशवंत तलावाला वळसा घालून, मच्छिंद्रनाथांच्या गुहेवरून सीताखाईपर्यंत. सीताखाईच्या कड्यावर सूर्य मावळेपर्यंत बसलो आणि परत गावात आलो तेव्हा आम्ही ज्या गाडीने वर आलो होतो तीच मुक्कामी गाडी तलावाजवळ उभी होती. पहाटे थंडीने बोटे आखडली होती. टपावर कोणी तरी सीताफळांच्या पाट्या चढवत होते, गाडीत पावरी ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्या बायका लेकरांना पदराखाली घेऊन बसल्या होत्या आणि वाहक एकेकाला नावाने ओळखून तिकीट देत होता. आम्ही दोघी मागच्या आसनावर बसलो. नणंदबाईंनी खिडकीची काच सरकवली, वाहकाला पास दाखवला आणि विचारले, "भाऊ, शहाद्याहून अमळनेरची गाडी किती वाजता?"